धाकटी घळ बंद आहे

आमचं गाव बंदराच्या वर, चढावर; मागे दोन घळी आहेत, मोठी आणि धाकटी. दोन्ही डोंगर चिरत दक्षिणेच्या समुद्राला मिळतात. रोदान्थीमावशीच्या खोल्यांत उतरलेले पाहुणे संध्याकाळी ओसरीवर नकाशा पसरायचे आणि विचारायचे, "उद्या कुठल्या घळीत जाऊ?" इतक्या लांबून विमानाने क्रीटला यायचं आणि एवढ्या प्रश्नावरून नवरा-बायकोने तोंडं फिरवून बसायचं, याची मला गंमत वाटायची.

मावशी पेल्यांत रकी, आमची घरची दारू, ओतता ओतता सांगायची, "मोठीत जा. त्यात विचार कसला करायचा?"

"पण धाकटी जवळ आहे ना? चालतच जाता येईल."

"जवळ तर स्मशानही आहे."

मग ती एकेक सुरू करायची. वरून बकऱ्या दगड पाडतात. प्यायला पाणी नाही. खाली पोहोचलात तरी तिथे काही नाही. शिवाय साप. आमच्या बेटावर माणूस मरेल असा साप नाही हे शाळेतलं पोरही सांगेल, पण परक्या माणसाला साप म्हटलं की पुरतं.

खाली काही नाही, हे सगळ्यांत मोठं खोटं. खाली तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, स्त्रातिस. चार टेबलांची खानावळ, तळलेली मासळी, रानभाजी, स्वतःच्या बकऱ्यांचं चीज. तिथे गाडीरस्ता नाही, प्रवासी बोट थांबत नाही. घळीतून पायी येईल तेच त्याचं गिऱ्हाईक. आणि गावात खोल्या म्हणाल तर मावशीच्याच. भावाच्या पोटावर पाय द्यायला तिला ओसरीवरून उठावंही लागत नव्हतं.

मी वार्दिस, मिनीबसवाला. मोठ्या घळीचं तोंड वर पठारावर आहे, तिथे सकाळी सहाला माणसं जातात ती माझ्या गाडीतून. मावशी खोटं बोलायची आणि मी शेजारी उभा राहून कॉफी प्यायचो. तेव्हा मला सज्जन समजू नका.

वैराचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्यांची आई गेली, खाली स्त्रातिसकडे. घळीला पूर, समुद्र खवळलेला. मावशीने फोनवर सांगितलं, "थांब, मी येते." चार दिवस पाणी उतरलं नाही. स्त्रातिसने दुसऱ्याच दिवशी आईला तिथल्या लहानशा देवळाशेजारी माती दिली. आमच्याकडे आईचं शेवटचं न्हाणं मुलीच्या हातचं असतं. द्राक्षाच्या दारूने अंग पुसायचं, उशाशी बसून तिच्या नावाने गाऊन रडायचं. मावशी पोहोचली तेव्हा नुसता मातीचा ढीग होता.

"अगं मावशी, चार दिवस ठेवायचं तरी कसं?" मी एकदा म्हणालो होतो.

"मासळीसाठी बर्फ होता त्याच्याकडे. आईसाठी नव्हता."

चूक कुणाचीच नव्हती, आणि अशी भांडणं कधी मिटत नाहीत. दर ईस्टरला स्त्रातिस माझ्या हाती चीजचा मोठा गोळा द्यायचा. "ताई अजून रागावलीय का रे? म्हणावं, जेवू नकोस माझ्याकडे, नुसती येऊन जा." मावशी तो गोळा उलगडूनही बघायची नाही. "तुझ्या कुत्र्यांना घाल," म्हणायची. मी माझ्या बायकोला द्यायचो. चीज फार चांगलं असायचं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मंगळवारी सकाळी एक फ्रेंच कुटुंब ओसरीवर तयार होऊन बसलं होतं, बरोबर दोन लहान मुली. त्यांची आई म्हणाली, "मोठी यांना झेपायची नाही. आम्ही धाकटीतच जातो."

"दरड कोसळलीय," मावशी म्हणाली. "वाट बंद आहे. विचारा वार्दिसला."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दिवसभर त्या मुली समुद्रावर खडे गोळा करत बसल्या.

गुरुवारी हेनी नावाची हॉलंडची म्हातारी मास्तरीण कुणाला न विचारताच निघाली. तिचे गुडघे अधू होते, मोठी तिला नकोच होती, आणि सल्ले ऐकायचं तिचं वय गेलं होतं. दुपारी ती परतली ती जवळजवळ पळत. "वाट उघडी आहे," ती म्हणाली. "खाली एक माणूस मरून पडलाय."

स्त्रातिस सोमवारी वेलाचा मांडव बांधताना शिडीवरून पडला होता. कंबरेखाली जाणीव राहिली नव्हती. फोन आत फळीवर, मध्ये पायऱ्या. पायऱ्या जमल्या नाहीत तेव्हा तो सपाटीवरून घळीच्या वाटेकडे सरपटत गेला. मे महिना होता, कुणी ना कुणी येईलच असं त्याला वाटलं असणार. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, बुधवारी सकाळपर्यंत जीव होता. मी मावशीला सांगितलं, पडला आणि लगेच गेला.

समुद्र शांत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही होडीने खाली गेलो. स्त्रातिसला तिने स्वतः न्हाऊ घातलं, कुणाला हात लावू दिला नाही. मग प्रश्न आला जागेचा. घराण्याचं थडगं एकच. त्याला ठेवायचं तर आधी आईच्या अस्थी वर काढायला हव्यात, आमची रीत तशीच आहे. मी आणि आणखी दोघांनी माती उपसली. एकेक हाड मावशीच्या मांडीवरच्या पांढऱ्या कापडात दिलं. घंगाळात लाल दारू ओतली होती. आठ वर्षं ज्यासाठी तिचा जीव जळत होता ते आईचं न्हाणं ती आता घालत होती. ती गात नव्हती. मला वाटलं होतं, निदान रडेल.

कवटी पुसता पुसता तिने हळूच विचारलं, "लगेच गेला म्हणालास ना?"

"हो मावशी. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल."

"मी त्याचे हात धुतले सकाळी. नखं मातीने भरली होती. लगेच गेलेल्या माणसाच्या नखांत माती येते कुठून, वार्दी?"

मी फावडं उचलून मातीचा ढीग सारखा करू लागलो.

"मंगळवारी होता," ती म्हणाली. "त्या दोन पोरी निघाल्या होत्या, तेव्हा होता. मी त्यांना परतवलं. आणि तू मान हलवलीस."