ताठ मापाचा कोट

...तर ती चिठ्ठी हाती लागली आणि मास्तरांचं डोकंच फिरलं! मास्तर म्हणजे कोट शिवणारे. पस्तीस वर्षं मशीनवर वाकून पाठीला असं पोक आलेलं, की अख्खा बाजार त्यांना ‘आकडा’ म्हणे. लेकीच्या लग्नात स्वतः घालायच्या कोटासाठी नऊ वर्षं ट्रंकेत जपलेलं लोकरी कापड त्यांनी बाहेर काढलं. माप धाकट्या भावानं घेतलं आणि चिठ्ठीवर हळूच लिहिलं, ‘पाठ दोन इंच जास्त.’ वाकलेल्या गिऱ्हाइकाचं पोक शिंपी असंच कोटात मुरवतात, तोंडावर बोलत नाहीत. मास्तरांनी स्वतः हजारदा केलेलं!

“खोड ते. ताठ माप धर.”

“दादा, मागून कोट उचलेल, कोंबड्याच्या शेपटीसारखा! असलं कापड पुन्हा मिळायचं नाही.”

मास्तरांनी कात्री घेतली आणि ताठ मापावर कर्रकन चालवली. झालं! आता एक तर अंग सुधारायचं, नाहीतर कापड मातीत.

आठवडाभर खांदे मागे ओढून बसले. पाठ ठणकली, पोक जागच्या जागी. मग बाही तोकडी करायला एक बाई आल्या, लोकांना व्यायाम शिकवणाऱ्या. म्हणाल्या, “पाठीशी काय भांडताय? छाती आखडलीय. पुढची बाजू सोडा.”

“म्हणजे अस्तर तोकडं पडलंय!” मास्तर ओरडलेच. अस्तर तोकडं असलं की वरून कितीही इस्त्री फिरवा, कोट आत ओढला जाणारच.

त्या दिवसापासून दर तासाला मास्तर दारात. दोन्ही कोपरं चौकटीला टेकवून, एक पाय पुढे टाकून छाती रस्त्याकडे काढायची. दुपारी पाठीखाली कापडाचा तागा आडवा घालून, हात पसरून उताणं पडायचं.

“अहो, दार सोडा!” बायको आतून म्हणे. “लोकांनी काय वाकून आत यायचं?”

“येऊ देत की! वाकायची पाळी आता त्यांची.”

तीन महिने गेले. लग्नाच्या आदल्या सकाळी मास्तरांनी कोट चढवला. भाऊ टेप घेऊन मागे बसला आणि बघतच राहिला.

“दादा, पोक दीड इंच बसलं की रे! कोट मागून अर्धा इंच तेवढा उचलतोय. खालून जरा सोडू का? कुणाला कळायचं नाही.”

मास्तर आरशासमोरून हलले नाहीत.

“खबरदार सुई लावलीस तर! कोट बरोबर आहे. चुकतोय तो मी, आणि माझं काम अजून चालू आहे.”