जिन्यातला महागडा पंखा

ऑफिसात त्याला सगळे वरबघे म्हणत. ऐकायला ते आडनावासारखंच वाटायचं, त्यामुळे नवा आलेला एखादा कारकून खरोखरच "वरबघे साहेब" अशी हाक मारायचा आणि अख्खी खोली खिदळायची. कोणाच्याही घरात शिरला की याची नजर आधी छताकडे, मग दारांकडे, आणि घरातल्या माणसांकडे सगळ्यात शेवटी. बायको म्हणायची, "लग्नाच्या हॉलमध्ये बाहेर पडायच्या वाटा शोधत होतात. मला वाटलं, पळून जाताय!"

इमारतीत आग विझवायची यंत्रणा बसवायला काय खर्च येईल, त्याचा अंदाज काढणं हे त्याचं काम. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं? मजले मोजा, खोल्या मोजा, गुणाकार करा. इतकं सोपं असतं तर याचे केस एवढ्या लवकर गेले नसते. नव्या इमारतीत पाइप भिंतीबरोबरच चढतात. जुन्या इमारतीत त्याच पाइपासाठी भिंत फोडावी लागते, आणि ती फोडल्यावर आत काय निघेल ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. त्यात लोक राहत असले की कामाचा खोळंबाच. नळाला जोर नसला की टाकी आली, टाकी आली की पंप आला, आणि गच्चीला टाकीचा भार पेलत नसला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ताईच्या इमारतीला यंत्रणा बसवायची सरकारी नोटीस आली, तेव्हा तिनं समितीपुढे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "माझा धाकटा भाऊ याच कामात आहे. घरचा माणूस आहे, वाजवी सांगेल." घरच्या माणसानं अंदाजपत्रक दिलं आणि समितीच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या एका कंपनीचा आकडा याच्या जेमतेम निम्मा होता.

फरक होता तो मुख्यतः एका पंख्याचा. आग लागली की जिन्यात बाहेरची हवा जोरानं भरणारा, धुराला आत न येऊ देणारा भलाथोरला पंखा. त्याला वेगळी वीज हवी, वीज गेली तर जनरेटर हवा, प्रत्येक मजल्यावर घट्ट बसणारी दारं हवीत. ज्या इमारतीला उतरायला एकच जिना असतो, तिथे हा खर्च टळत नाही. दुसऱ्या कंपनीनं जुन्या नकाशावर दोन जिने पाहिले आणि पंखा धरलाच नाही.

नकाशा खोटा नव्हता. मागच्या बाजूला दुसरा जिना होता. फक्त तिसऱ्या मजल्यावर तो ताईच्या स्वयंपाकघरात संपत होता. मागचा जिना कोणी वापरत नाही म्हणून भावोजींनी तिथली मोकळी जागा भिंत घालून घरात घेतली होती. कोणी हरकत घेतली नाही. भावोजी गेल्यावर त्याच जागेत ताईनं डब्यांचा धंदा सुरू केला. मोठ्या शेगड्या, पातेली, पिठाची पिंपं, सगळं तिथे. त्या ओट्यावर तिचं घर चालत होतं.

भिंत पाडली असती तर पंख्याची गरजच उरली नसती. अंदाजपत्रकात त्यानं तेवढं लिहिलं नाही. पंख्याचा खर्च सगळ्या घरांत वाटला जाईल, कोणाला फार जड जाणार नाही, ताईचा ओटाही वाचेल, असा त्याचा हिशोब. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब तपासणाऱ्या माणसानं स्वतःचा मात्र तपासला नाही. आता दुसऱ्या कंपनीचा आकडा कळल्यापासून त्याला चैन नव्हतं. चहा निवून जायचा, रस्त्यात ओळखीचे लोक दिसायचे नाहीत. जेवताना बायकोनं दोनदा विचारलं, "मीठ जास्त झालंय का?" त्यानं दोनदा "हो" म्हटलं, आणि मीठ घालायचंच राहिलं होतं.

रविवारी सकाळी समितीची बैठक भरली. तळमजल्यावरच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. तो दाराशी उभाच राहिला. बसायला सांगितलं की बसायचा आणि पुन्हा उठायचा.

"स्वस्तातलं काम घ्यावं, असं माझं मत," अध्यक्ष म्हणाले. "हा पंख्याचा थाट आपल्याला झेपणारा नाही."

ताई उठली. तिचे कान लाल झाले होते. "मीच त्याला आणलं, म्हणून मीच सांगते. भाऊ असला म्हणून काय झालं? स्वस्तवाल्यांनाच द्या. मला मान वर करायला जागा ठेवली नाही यानं."

हात वर होऊ लागले. पाचव्या मजल्यावरच्या तरुण आईनंही मांडीवरचं बाळ एका हातावर घेऊन दुसरा हात वर केला. ते पाहून तो दारातून पुढे आला.

"थांबा," तो ओरडलाच. "पंखा नको असेल तर मागचा जिना उघडावा लागेल. त्यांनी तो उघडा आहे असं धरलंय. तो बंद आहे."

"बंद? कुठे बंद आहे?" कोणीतरी विचारलं. मग कोणालाच विचारायची गरज राहिली नाही. सगळे ताईकडे पाहू लागले, आणि लगेच नजरा चुकवू लागले. तिच्या हातचं निम्मी इमारत जेवत होती. ताई वर निघून गेली.

तो मागोमाग धावला. ती स्वयंपाकघरात उभी होती, भिंतीकडे तोंड करून.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुझा धंदा बसला असता, ताई."

"आणि आग लागली असती तर? ती वरची पोर बाळाला घेऊन कुठून उतरली असती?"

"पुढच्या जिन्यानं. म्हणून तर पंखा..."

"पंखा नकोच म्हणून आत्ता हात वर केला तिनं. मीही केला."

तो उगाच पातेल्यांची झाकणं सारखी करत राहिला.

"ही वाट बंद आहे, हे तुझ्या कधी लक्षात आलं?" तिनं विचारलं.

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. "भावोजींनी भिंत घातली त्याच दिवशी."

ताई वळली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. राग उतरला होता, पण जे उरलं होतं ते त्याला रागाहून जास्त लागलं.

"तरीच," ती म्हणाली. "इतकी वर्षं येतोस, पण माझ्याकडे कधी धड पोटभर जेवला नाहीस. मला वाटायचं, माझ्याच हाताला चव नाही."

मग तिनं शेगडीची नळी काढली, सगळ्यात मोठं पातेलं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "हे बाहेर नेऊन ठेव, भिंत पाडायला जागा लागेल."