शिमग्यात वितळलेला आरएनए

आमच्या विभागप्रमुखांना रिकाम्या जागेत चालू असलेली वीज बघवत नाही. कोकणातल्या बहुतेकांची हीच तऱ्हा. गावाला निघताना गॅस बंद, नळ बंद आणि कुलूप घालण्याआधी मेन स्विच खाली, हे आमच्या अंगात मुरलेलं. शिमग्याच्या सुट्टीत मी पालखीसाठी वेळणेश्वरला गेले आणि सरांनी कॉलेजची प्रयोगशाळा अगदी स्वतःच्या घरासारखी मायेनं बंद केली. मेन स्विचसकट.

परत आले तेव्हा फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि आत माझ्या आरएनएच्या नळ्या मार्चच्या उकाड्यात पडून होत्या.

"अहो, त्यात काय एवढं? परत गोठवा की," सर म्हणाले.

"सर, बांगडे नाहीत ते!" मी ओरडलेच.

सरांना वाईट वाटलं. पण आपण चूक केली असं काही वाटलं नाही. प्रयोगशाळा जळली असती तर, असं म्हणून ते चहा प्यायला गेले. मी एका नळीतला थेंब तपासून बघितला. आरएनएचा नुसता चोथा झाला होता. आरएनए बोटाच्या घामानंसुद्धा नासतो, आणि आमच्या हवेत तर पापड टिकत नाही.

पुण्याच्या एका मैत्रिणीनं तो तयार करून, कोरड्या बर्फात घालून पाठवला होता. कशासाठी, ते सांगते. शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे एन्झाइम म्हणजे प्रथिनं, असं आम्ही पहिल्या वर्षाला छातीठोकपणे शिकवतो. तिसऱ्या वर्षाला तेच वाक्य ओशाळवाणं हसून मागं घेतो. कारण काही आरएनए असे निघाले की आपल्या साखळीतला मधला नको असलेला तुकडा ते स्वतःच कापून काढतात आणि उरलेली दोन टोकं स्वतःच जोडतात. प्रथिनाचा हातही लागत नाही. थोडं मॅग्नेशियम आणि ग्वानोसिनसारखा एक छोटा रेणू मिळाला की झालं. ज्यांना हे पहिल्यांदा दिसलं त्यांनाही आधी वाटलं होतं की नळीत कुठून तरी प्रथिन शिरलं असणार.

मुलं हे लिहून घेतात, पाठ करतात, मार्क मिळवतात. विश्वास मात्र कुणाचाच बसत नाही. "मॅडम, एकदा प्रत्यक्ष दाखवा ना," असं हट्टानं म्हणणारी इतक्या वर्षांत एकच मुलगी भेटली. इथल्याच राजिवडा मोहल्ल्यातली, तिसऱ्या वर्षाची. तिला पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं. वडील दुबईला बंदरावर कारकून, रमजानसाठी रजेवर आलेले, ईद झाली की परत जाणार. त्यांचं म्हणणं, शिकायचंय तर इथेच बी.एड. कर. पुण्याला जाऊन ही नेमकं काय करणार, हे त्यांना कळत नव्हतं. मी तावातावानं म्हटलं, घेऊन ये त्यांना, आपण दाखवू. आणि आता दाखवायला हातात काय, तर फ्रीजरखालचं पाणी.

माझा नुसता संताप झाला. सरांवर, मेन स्विचवर, पालखी नाचवत बसलेल्या स्वतःवर. सुदैवानं मैत्रिणीनं त्या आरएनएचा साचा असलेला डीएनएही सोबत पाठवला होता; डीएनए चिवट असतो, तो बचावला होता. त्याच्यावरून मी आणि त्या मुलीनं नव्यानं आरएनए बनवायचं ठरवलं. ती रोजा धरून दिवसभर हातमोज्यांत घामेजत उभी राहायची. वीज जायची, यायची, पुन्हा जायची. मी चिडचिड करायची आणि ती निमूटपणे पुढची नळी उचलायची.

वडील ईदच्या आदल्या आठवड्यात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. मी चहा विचारला आणि जीभ चावली. आरएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारं, खरवसाच्या वडीसारखं जेल आम्ही निळ्या दिव्यावर ठेवलं. एका ओळीत मॅग्नेशियम घालण्याआधीचा आरएनए, दुसऱ्या ओळीत नंतरचा. आधीच्या ओळीत एकच अखंड पट्टा दिसायला हवा होता आणि नंतरच्या ओळीत कापून झालेले तुकडे. मी दिवा लावला. दोन्ही ओळींत तुकडेच होते, अगदी सारखे.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, नको तेव्हा. आरएनए बनवायचं जे तयार द्रावण आम्ही वापरलं, त्यात मॅग्नेशियम असतंच आणि ग्वानोसिनचीही सोय असते. त्या पठ्ठ्यानं बनता बनताच स्वतःला कापून घेतलं होतं. वर आणखी दुखणं असं की तो बनवणारं प्रथिन तेव्हा त्याच नळीत होतं. मग प्रथिनानंच कापलं नाही कशावरून, हे मी परीक्षक असते तर पहिलं विचारलं असतं. पुरावा गेला, इतक्या दिवसांची मेहनत गेली आणि या मुलीचं पुणंही गेलं, असं मला वाटलं. रडू येईल इतका राग आला.

"म्याडम, ही आदीची आनि ही नंतरची?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"मंग दोन्ही सारकीच कशी?"

मी काहीतरी लांबलचक सांगायला लागले आणि मध्येच अडकले. तेव्हा मुलगी बोलली. "अब्बा, आमी त्याला कापायला सांगायच्या आदीच त्यानं कापलान."

"कुनाला न इचारता?"

"हां. मीपन न इचारता परीक्षा दिलीय अब्बा. पुण्याच्या एम.एस्सी.ची. माझं नाव लागलंय."

वडिलांनी रुमालानं कपाळ टिपलं. "तुज्या आईला म्हायत हाय?"

"चिपळूणला सेंटर होतं. तीच आलेली माज्यासंगं."

माझं तर डोकंच फिरलं. मी इथे उरस्फोड करतेय, सरांशी भांडतेय, हिच्या वडिलांचं मन कसं वळवायचं या काळजीत झोप उडवून घेतेय आणि ही बया नाव लावून मोकळी! "अगं, मग मला एवढं राबवलंस कशाला?" मी त्यांच्यासमोरच विचारलं.

"आनि माला हितं आनलंस ता कशाला?" वडीलही म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "परवानगी तर तुला नकोच होती."

"परवानगीला नाय, अब्बा." तिनं हातमोजे काढले. "ईद झाली की तुमी चाललात. परत येशाल तवा मी इथं नसेन. मी काय करतेय ता एकदा तुमी बगावंत, म्हनून."

मग वडील जेलवर वाकले. "बगूं दे मंग नीट," ते म्हणाले. "ह्यातला कापून टाकलेला तुकडा कंचा?"

तिनं बोट दाखवलं. ते बघत राहिले, मीही बघत राहिले. मला तो प्रयोग अजून एकदा, चोख, प्रथिनाचा संशयसुद्धा येणार नाही असा करून दाखवायचा होता. पण तो जमेपर्यंत बघायला ते दोघंही इथं नसणार होते.