बुटक्या खुर्चीचे पाय

मंडळी, आज एका खुर्चीपुढं मी हात टेकले.

आमच्या घरात जेवणाच्या चार जुन्या खुर्च्या आहेत. बरेच दिवस झाले, मी त्याच घासायलेय. दर दिवाळीला त्यांना ऑइल पेंट फासलेला. तो खरवडला तर खाली अस्सल सागवान निघालं. जोडात कुठं खिळा नाही, सगळ्या लाकडाच्या खुंट्या. लय आनंद झाला.

पण चौथी खुर्ची वीतभर बुटकी. मला वाटलं, पाय कुजले असतील. रंग काढल्यावर दिसलं, चारी पाय करवतीनं सरळ कापलेत. मग पिंगळीच्या सुताराकडून बाकीच्या पायांसारखे कातीव तुकडे करून आणले.

आज जेवणाआधी ते जोडायला बसले, तर माझे सासरे, अप्पा म्हणाले, "राहू दे. आमच्या आईनं कापून घेतलेत. जमिनीला पाय टेकल्याबिगर तिला घास उतरत नव्हता."

"पण अप्पा, त्या खुर्चीवरून टेबलावरच्या ताटाला हात कसा पुरायचा?"

"टेबलावर जेवायचंय कुणाला?" म्हणत ते त्याच खुर्चीवर बसले आणि ताट मांडीवर घेतलं. नवरा आपलं ताट घेऊन त्यांच्यापाशी खाली बसला. मग मीही बसले. टेबलावर नुसता पाण्याचा जग राहिला.

आता चार सुंदर सागवानी तुकडे पडून आहेत. कशाला लावू, सुचवा. खुर्ची सोडून काहीही चालेल.