मायका

हेस्टर टकवेल जाऊन वर्ष झालं, पण दूधवाला अजून तिच्या दारात चवड्यांवर चालतो. अशी तिची जीभ! ऑक्सफर्डच्या आमच्या गल्लीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. मी शेजारीण, मला रोज लागावंच लागायचं.

हेस्टरचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. लढाईच्या तिसऱ्या हिवाळ्यात, १९१६ साली, कॉलेजचे पाद्री मिस्टर पेनफोल्ड त्या खोल्या मागायला आले. सर्बियातून पळून आलेली पोरं इथं धर्मशिक्षण घेणार, त्यांचं ऑर्थोडॉक्स चर्च आणि आपलं अँग्लिकन चर्च जवळ येणार, शेकडो वर्षांचा दुरावा मिटणार, असं बरंच काही बोलले.

"तो तुम्ही मिटवा," हेस्टर म्हणाली. "माझ्या जिन्यावर चिखल नको."

ओब्रेन आणि सावा राहायला आले आणि काय सांगू, भिंतीपलीकडून मला हेस्टरचं गाणं ऐकू यायला लागलं! बेसूर, पण गाणं. पोरं तिचा जीव की प्राण झाली. पण दोन गोष्टी तिला सलत होत्या. पंचवीस डिसेंबरला तिनं खटपटी करून मिळवलेल्या बदकाला दोघांनी हात लावला नाही. उपास म्हणे! त्यांचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे दोन आठवड्यांनी.

"येशू काय दोनदा जन्मला?" ती माझ्यावरच खेकसली.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. पोरं तिला मायका म्हणायची. "मायका, मीठ दे." "मायका, खोकला कसा आहे?" आता आमच्या इंग्रजीत मायका म्हणजे बायबलातला संदेष्टा. आमच्या चर्चच्या रंगीत काचेवर आहे ना, दाढीवाला, साऱ्या गावाला शिव्याशाप देणारा.

"फ्लोरी, मी इतकी कजाग आहे का गं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा ओतायला घेतला.

शेवटी तिनं पेनफोल्डना सांगून टाकलं, त्यांचा नाताळ झाला की पोरांना दुसरीकडे न्या. सांगून आली आणि जेवलीच नाही.

त्यांच्या नाताळच्या सकाळी पेनफोल्ड ट्रंका न्यायला हातगाडी घेऊन दारात हजर. आत पोरांनी गोल पाव भाजलेला, त्यात एक नाणं दडवलेलं, आमच्या नाताळच्या पुडिंगात असतं तसंच. सगळ्यांनी मिळून धरायचा आणि तोडायचा. मलाही बोलावलं होतं; आम्ही तोडला. नाणं निघालं हेस्टरच्या तुकड्यात.

"मायका! आमची मायका नशीबवान!" सावा नाचायलाच लागला.

"पुरे!" हेस्टर कडाडली. "जाताजाता तरी चिडवू नका. बायबल मीही वाचलंय. तो दाढीवाला थेरडा म्हणजे मी काय?"

ओब्रेन कानापर्यंत लाल झाला.

"दाढी? कसली दाढी? आमच्या भाषेत मायका म्हणजे आई."

हेस्टरनं नाणं मुठीत घट्ट धरलं. आधी रडली, मग इतकी हसली की खोकला आला. मग एप्रननं तोंड पुसून पेनफोल्डकडे वळली.

"हातगाडी परत न्या. आणि तुम्ही दोघं, बघता काय? आई म्हणता ना? मग आधी ते चिखलाचे बूट काढा!"