काकी बाजारात गेल्यात

या सदरातल्या गोष्टी मी आजवर वाचल्या त्या हसण्यासाठी. कधी कधी बैठकीत मोठ्याने वाचूनही दाखवल्या — बघा, शिकलेले लोक काय काय लिहितात म्हणून. भूत, आवाज, दृष्टांत यातलं मी काहीही मानत नव्हते आणि आजही मानत नाही. माझे वडील एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कामाला, युनियनमधले. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांनी घरी आणलेल्या पत्रकांवरून. शाळेत जायच्या आधी मला ‘कामगार बंधूंनो’ वाचता येत होतं. तेव्हा मी हे काही हौसेने लिहीत नाहीये.

साल १९९४. डोंबिवली पूर्व, आमची बिल्डिंग चार मजली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या विंगमध्ये फोन आमचा एकच. त्यामुळे सात-आठ घरांनी आमचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून नातेवाइकांना देऊन ठेवलेला. फोन आमच्याकडे यायचा, आम्ही जिन्यातून हाक मारायची, माणूस ओले हात पुसत धावत यायचं.

तळमजल्यावर हिराकाकी राहायच्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, मार्केटात मासळी विकायच्या. नवरा वारलेला, एकच मुलगी, गुलाब. ती अलिबागच्या पुढे एका गावात दिलेली आणि तेव्हा तिला आठवा महिना होता. दर शनिवारी बारा-साडेबाराला ती तिथल्या बूथवरून फोन करायची. काकी त्या दिवशी टोपली जावेवर सोपवून साडेअकरालाच आमच्याकडे यायच्या आणि उंबऱ्याशी खाली बसायच्या. मासळीचा वास येईल म्हणून. समतेवर मी चार पत्रकं लिहिली होती, पण ‘काकी, वर खुर्चीवर बसा’ हे माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही.

त्याच वर्षी आमचं एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झालं आणि सोबत सोयींची एक पुस्तिका आली. सकाळी उठवणारा अलार्म, एक कॉल चालू असताना दुसरा घ्यायची सोय, आपले कॉल दुसऱ्या नंबरवर पाठवायची सोय. ती पुस्तिका घरात वाचली फक्त मी. बाबांच्या फर्स्ट शिफ्टचा अलार्म मीच लावायचे. आईला फोन म्हणजे उचलायचा आणि ठेवायचा, एवढंच.

कल्याणमध्ये तेव्हा एक बुवा बायकांचे आजार हात फिरवून बरे करत होता. आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटाने त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं, खाली संपर्कासाठी आमच्या घरचा नंबर छापला. सभा शनिवारी दुपारी तीनला. सकाळपासून आम्ही सगळे कल्याणला ज्या छापखान्यात बसायचो तिथे जमणार होतो, आणि एका पेपरचा वार्ताहर यायचं की नाही ते फोन करून कळवणार होता. त्याच्याकडे नंबर आमच्या घरचा. म्हणून निघताना मी कोड फिरवला आणि घरचे सगळे कॉल छापखान्यावर डायव्हर्ट केले. आईला सांगितलं नाही. शनिवार आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

साडेबाराच्या सुमारास छापखान्यातला फोन वाजला. मी झडप घालून उचलला. एक पुरुषाचा आवाज, मागे एसटीचे हॉर्न.

“हिराबाईंना बोलवा ना जरा. गुलाबच्या सासरवरनं बोलतोय. अर्जंट आहे.”

तेव्हा शनिवार आठवला. काकी आत्ता आमच्या उंबऱ्यात बसल्यात, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण घरी फोन लावला असता तर तो फिरून माझ्याकडेच आला असता, आणि डायव्हर्ट काढायचा तर तो घरच्याच फोनवरून. हे सगळं त्याला समजावत बसायचं? वार्ताहराचा फोन कुठल्याही क्षणी येणार होता... लाइन मोकळी हवी होती.

मी म्हणाले, “काकी बाजारात गेल्यात. संध्याकाळी करा.”

आणि ठेवला. काय झालं, काय निरोप, एवढंही विचारलं नाही. वार्ताहर आला नाही. सभा मात्र जोरात झाली. मी वीस मिनिटं बोलले, विषय ‘खोटेपणाचा बाजार’.

सहा वाजता घरी आले तर काकी नव्हत्या. आईने सांगितलं, साडेबाराला ती कुकर उतरवत होती, तेवढ्यात फोन वाजला. एकदाच. काकींनी हात लांब करून स्वतःच उचलला. गुलाबचा फोन होता. बोलून झाल्यावर काकी तशाच उठल्या, आईकडे किल्ली दिली आणि एसटी पकडायला गेल्या.

“काय म्हणाली गुलाब?”

“काय की. काकी सांगत होती — पोर म्हणाली, आये, ती सांगते तू बाजारात गेलीस, आणि तू तर हितंच बसलीस. आता उठ आणि ये.” आई भाजी निवडत होती. “ती म्हणजे कोण, ते काकीलापण कळलं नाही.”

मी सरळ जाऊन रिसीव्हर उचलला. डायव्हर्ट लावला की डायलटोन तुटक येतो. टोन तुटकच होता. डायव्हर्ट चालूच होता.

सोमवारी मी एक्स्चेंजमध्ये गेले. तिथल्या इंजिनिअरने शांतपणे सांगितलं, डायव्हर्टवर असताना घरचा फोन फार तर एकदा टिणकन वाजेल, पण त्यावर बोलणं होणारच नाही. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “मॅडम, पुस्तिका वाचली नाही का तुम्ही?”

काकी पोचल्या तेव्हा गुलाब सकाळपासून रक्तस्रावाने पडलेली होती आणि सासूने भगत बसवला होता. नारळ, लिंबं, धूर... काकींनी त्या भगताला दंडाला धरून बाहेर काढलं आणि जीप करून पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तासांनी आणली असती तर काही करता आलं नसतं. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

दोन महिन्यांनी गुलाब बाळाला घेऊन आली, जावईही होता. चहा देताना मी ऐकलं. गुलाब म्हणत होती, “मी कशी फोन करणार? माझी तर शुद्ध नव्हती. धाकट्या दिराला पाठवलेलं बूथवर.” जावई म्हणाला, “आणि त्याला इथल्या बाईंनी सांगितलं, काकी बाजारात गेल्यात.” सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “अहो, मी फोनला हातसुद्धा लावला नाही.” जावई कसंनुसं हसला. त्याचा विश्वास बसला नव्हता.

मी कप गोळा करून आत गेले.

तीन वर्षं आईने तो आळ सोसला. बाळाच्या पाचवीच्या फोटोंचा अल्बम गुलाबने बिल्डिंगमध्ये सगळ्यांना दाखवला, आम्हाला नाही. आणि या तीन वर्षांत मी लोकांना खरं बोलायला शिकवत गावोगाव फिरले.

गेल्या रविवारी इथवर लिहून झाल्यावर मी खाली गेले आणि काकींना वाचून दाखवलं. त्या बोंबील साफ करत होत्या. हात थांबला नाही.

“मना माहीत व्हतं,” त्या म्हणाल्या.

“कसं?”

“तुजी आय माज्यासमोर कुकरपाशी हुबी. आन तुज्या घरात फोनवर बोलनाऱ्या बाया दोनच. मंग राह्यली कोन?”

त्यांनी पुढचा बोंबील हातात घेतला.

“जावयाला फोन कर,” त्या म्हणाल्या. “आयचं नाव काढ त्यातनं. मंग छाप काय छापायचं ते.”

मी वर येऊन आईसमोर फोन लावला. जावयाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आईंना द्या.” आईने बराच वेळ फक्त “हो... हो” म्हटलं आणि पदराने रिसीव्हर पुसून ठेवला. माझ्याशी ती अजून नीट बोलत नाही.

त्या दिवशी काकी कोणाशी बोलल्या, ते मला सांगता येत नाही. कोणाला तांत्रिक कारण माहीत असेल तर जरूर कळवा, मी आमच्या पत्रकात आनंदाने छापीन. फक्त ‘ती’ कोण, हे आता कोणाला शोधायला नको.