होडीच्या छपराचं जनेल

साखळीच्या बाजारात वत्सला साटेलकरचं पाट्यांचं दुकान होतं. एक शटर, एक लांबलचक मेज आणि मागच्या भिंतीला टेकून उभे केलेले अ‍ॅक्रिलिकचे रंगीबेरंगी पत्रे. घरांच्या नावाच्या पाट्या, देवघराची सरकती दारं, चतुर्थीच्या मखरात आतून उजळणारी अक्षरं असं सगळं ती त्या प्लास्टिकच्या काचेतून कापून काढायची. काम शिकवलं तिच्या भावानं, विठूनं. मस्कतला जाताना तो दुकान बहिणीच्या गळ्यात टाकून गेला, लवकरच येतो म्हणाला आणि तिकडेच रमला. वत्सलाही इकडे रमली. पत्रा करवतीखाली सुरळीत चिरत गेला की तिला भाकरी टम्म फुगल्यासारखा आनंद व्हायचा.

तिचा नवरा भिकाजी मूळचा तेरेखोल नदीकाठचा, सातार्ड्याचा. तरुणपणी सुर्ल्याला येऊन खनिजाच्या बार्जवर खलाशी म्हणून लागला आणि पुढे बार्ज हाकणारा तांडेल झाला. सुर्ल्याच्या धक्क्यावर भरलेली बार्ज मांडवीतून वास्कोच्या बंदरात न्यायची, तिथल्या मोठ्या जहाजाला लावून रिकामी करायची, की परत फिरायचं. उभं आयुष्य त्यानं हेच केलं. मग खाणी बंद पडल्या, बार्जी धक्क्याला लागल्या आणि भिकाजी सोप्यावर बसला. त्याला कसलं व्यसन नव्हतं, तो चिडतही नसे. फक्त बोलणं आटलं होतं. चहा हवा का विचारलं तर मान हलायची, म्हापशाहून लेकीचा फोन आला तर तो न बोलताच वत्सलाच्या हाती दिला जायचा. वत्सलानं दुकानात येऊन बसा म्हणून सुचवून पाहिलं. बायकोच्या दुकानात बसून काय करायचं, असं काहीसं पुटपुटून तो पुन्हा रस्त्याकडे बघू लागला.

दिवाळी उलटल्यावर एके दिवशी दुकानात शांताराम किनळेकर आले. पेडण्याकडच्या केरी गावचे, जहाजावर इंजिनियर म्हणून जग फिरून निवृत्त झालेले. बगलेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते मेजावर उलगडलं. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात बसवलेली जाड, पिवळी पडलेली काच. काचेभर चांदीच्या तारांसारख्या बारीक चिरा पसरल्या होत्या.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मायदेशी परत निघालेल्या एका फ्रेंच माणसाकडून त्यांनी जुनी शिडाची होडी घेतली होती. होडीच्या छपराला असे झाकणासारखे उघडणारे झरोके असतात, त्यांना हॅच म्हणतात. खालच्या खोलीत उजेड आणि वारा त्यातूनच येतो. उन्हानं ही काच इतकी जुनावली होती की उजेड बाहेर राही आणि पावसाचं पाणी तेवढं नेमकं गादीवर पडे. त्यांना शिगम्यानंतर होडी घेऊन मालवणपर्यंत जायचं होतं. पेडण्यातल्या देवळाची पाटी वत्सलानं केली होती, ती बघून कुणीतरी त्यांना साखळीला धाडलं होतं.

"म्हणजे होडीच्या छपराचं जनेल," वत्सला म्हणाली. खिडकीला ती जनेलच म्हणायची. "ठेवून जावा, शांतारामबाब. घासून चकचकीत करून देते."

तिनं पाण्याचा पॉलिश पेपर घेतला, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी फिरत्या चाकावर मेण लावून काच झळकवली. वरून हात फिरवला तर ती लोण्यासारखी लागत होती, पण उजेडात धरली तर चिरा होत्या तशाच. त्या वरवरच्या नव्हत्याच, काचेच्या पोटात शिरल्या होत्या. वत्सलाला वाईट वाटलं. कामाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिनं शांतारामबाबांना फोन करून सरळ सांगितलं, की मी मोठ्या तोंडानं बोलले खरी, पण ही काही सुधारत नाही, नवीनच घालावी लागेल. ते हसले. त्यांनाही तसा संशय होताच, पण आशा सुटत नव्हती. होडीवर आणखी काही हॅच होत्या. त्यांतल्या कुठल्या घासून भागतील आणि कुठल्या बदलायला हव्यात, हे तिनंच येऊन पाहावं असं ठरलं.

केरीला जायचं म्हणजे सामान, मशीन, पत्रे. स्कूटरवर एकटीनं हे सगळं नेणं कठीण. भिकाजी तयार झाला, पण धक्क्यापर्यंतच. होडीवर आपलं काही काम नाही, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं.

तेरेखोलच्या पात्रात ती पांढरी होडी नांगरलेली होती. शांतारामबाबांनी लहानशा पडावातून वत्सलाला तिच्यापर्यंत नेलं. पाय टाकताच होडी अंगाखाली किंचित हलली आणि वत्सलानं डोलकाठीचा दोर घट्ट धरला. तांडेलाची बायको असून ती जन्मात पहिल्यांदा अशी पाण्यावर उभी होती. लग्नानंतर एकदा तिनं बार्जवर यायचं का विचारलं होतं. कंपनीला चालत नाही, असं भिकाजी म्हणाला होता. तिनं पुन्हा विचारलं नव्हतं. आता तो धक्क्यावर हात मागे बांधून उभा होता आणि ती होडीवरून त्याच्याकडे बघत होती. तिला गंमत वाटली.

बाजूच्या लहान हॅच नुसत्या वरून खरवडलेल्या निघाल्या. दुपारपर्यंत घासून तिनं त्या अशा स्वच्छ केल्या, की आतल्या कपाटावरची अक्षरं बाहेरून वाचता यावीत. पुढच्या बाजूची मोठी हॅच मात्र दुकानातल्या काचेसारखीच पोटातून फुटलेली होती. तिची काच चौकटीतून सोडवायला हवी होती आणि फटी बुजवणारं जुनं काळं सीलंट दगडासारखं घट्ट झालेलं. शांतारामबाबांनी युक्ती सांगितली. बारीक पोलादी तार सीलंटमधून आरपार घालायची आणि दोन्ही टोकं दोघांनी धरून ओंडका कापल्यागत पुढेमागे ओढायची. त्यांचा स्वतःचा खांदा अधू होता. वत्सलानं धक्क्याकडे बघून हाक मारली.

"ऐकलात? जरा येवा हंय. माका हात होयो."

शांतारामबाबांनी पडाव धक्क्याला नेला. भिकाजी चपला काढून त्यात बसला.

दोघं समोरासमोर मांडी घालून बसले आणि तार ओढू लागले. सुरुवातीला तो ओढायचा तेव्हाच तीही ओढायची, आणि तार अडायची. हळूहळू लय जमली. काच सुटून हातात आली तेव्हा भिकाजीच्या कपाळावर घाम होता, पण उठून परत धक्क्यावर जायची त्याला घाई दिसली नाही.

दुकानात आणून वत्सलानं ही आणि आधीची, अशा दोन्ही जुन्या काचा नव्या जाड, धुरकट पत्र्यावर ठेवल्या आणि कडेनं रेघ मारली. अ‍ॅक्रिलिक उन्हात फुगतं, म्हणून चारी बाजूंना केसभर जागा सोडून कापायचं, हे शांतारामबाबांनी बजावलं होतं. दोन्ही नव्या काचा घेऊन नवराबायको पुन्हा केरीला गेले. चौकटी खरवडून साफ केल्या, नवं काळं सीलंट भरलं, काचा अलगद दाबून बसवल्या. वत्सलाला काम पसंत पडलं. शांतारामबाबांच्या घरी जेवण तयार होतं, ती आणि शांतारामबाब पुढे गेले. भिकाजी म्हणाला, एवढा पसारा आवरून येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवर येऊन वत्सलानं मोठी हॅच वाकून जवळून पाहिली. नव्या काचेच्या कडेकडेनं कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पसरल्या होत्या.

"ह्यां काय लागला?" तिनं विचारलं. "कोणी काय लावला हेका?"

भिकाजीनं खिशातून हात बाहेर काढले. "सीलंटाचे डाग पडले होते. मी पुसलंय. थिनरान."

"थिनरान?"

"बार्जीर आमी सगळा थिनरानच पुसायचो. माका खंय ठावक?"

वत्सलाचा संताप डोक्यापर्यंत चढला होता. थिनर लागला की अ‍ॅक्रिलिक फुटतं हे तिच्या दुकानात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. पण तिनं भिकाजीकडे पाहिलं. खनिजानं तुडुंब भरलेली बार्ज भर पावसाळी ओढीतून कशाला न आदळता नेणारा हा माणूस हातातल्या फडक्याकडे असा बघत होता, की जणू त्या फडक्यानंच दगा दिला. कुणी मेल्यासारखा चेहरा केला होता त्यानं. वत्सलाला हसू आलं. ते दाबायला गेली तर जास्तच फुटलं. शांतारामबाब दोर गुंडाळत होते, तेही हसू लागले. भिकाजी आधी ओशाळला आणि मग नाइलाजानं त्याच्याही ओठांचा कोपरा हलला.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आता वास्कोक तुमीच जावा आणि नवो तुकडो घेवन येवा."

तेवढा जाड पत्रा फक्त वास्कोला, जहाज दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे मिळायचा. मागचा पत्रा तिनं बसवाल्याच्या हाती मागवला होता. आताही मागवता आला असता. बार्जी थांबल्यापासून भिकाजीनं वास्कोत पाऊल टाकलं नव्हतं, आणि हे ठाऊक असूनच ती बोलली होती.  दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं तो गेला.

दिवेलागणीला तो घरी आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा छातीशी धरूनच. चपला काढायच्या आधी बोलू लागला. बंदरावर शिवदास भेटला होता, त्याच्याच बार्जवरचा जुना इंजिनवाला. आता तो पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला बोटीतून नेतो, आणि डॉल्फिन दिसले नाहीत तर दुसऱ्या दिवशीची फेरी फुकट देतो. दोघांनी उंडो पाव आणि भाजी खाल्ली, धक्क्यावर बसून येणारी-जाणारी जहाजं बघितली, एका जहाजाचं नाव नीट वाचता येईना म्हणून त्यावर वाद घातला. वत्सला जेवण वाढत राहिली, तो सांगत राहिला. मधेच लेकीचा फोन आला. तो त्यानंच घेतला आणि सगळी हकिकत पहिल्यापासून पुन्हा सांगितली.

या खेपेला काच बसवताना भिकाजीनं कडेनं कागदी चिकटपट्टी स्वतः लावली. सीलंट वाळेपर्यंत तो रोज केरीला जायचा आणि हॅचपाशी पहारा द्यायचा. शांतारामबाब फडकं घेऊन आले तर त्यांच्याही हातातून काढून घ्यायचा, आधी साबणाचं पाणी आहे ना ते हुंगून बघायचा.

मग परीक्षा. वत्सला खालच्या खोलीत गादीवर उताणी पडली. वर भिकाजीनं नदीतून बादली भरून काचेवर ओतली.

"पडता?"

"नाय."

दुसरी बादली. "आता?"

"थेंब नाय," वत्सला म्हणाली. पाणी निथळलं आणि काचेतून भिकाजीचा वाकलेला चेहरा दिसला, मागे आभाळ. "तुमचो चेहरो मात्र साफ दिसता."

 तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.

पुढच्या रविवारी शांतारामबाबांनी शीड चढवलं आणि दोघांना घेऊन नदीच्या मुखाकडे निघाले. सुकाणू त्यांनी भिकाजीच्या हाती दिलं. भिकाजीनं सवयीप्रमाणे होडी जायचं तिकडे सरळ रोखली. शीड फडफडलं आणि होडी थांबली. वाऱ्याच्या तोंडावर असं सरळ जाता येत नाही, तिरकं तिरकं जावं लागतं, हे शांतारामबाबांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आधी त्याला ते पटेना, मग जमेना, आणि एकदाचं जमलं तेव्हा शाळेला सुटी लागल्यासारखा त्याचा चेहरा फुलला. मुखावरच्या तेरेखोलच्या किल्ल्यापलीकडे खरा समुद्र लागल्यावर मात्र त्याच्या पोटानं बंड केलं. भरलेली बार्ज अशी डुलत नाही, असं कसंबसं सांगून तो खाली जाऊन आडवा झाला. सुकाणू वत्सलानं धरलं. तिला काही झालं नाही. वारा पदरात भरत होता, शांतारामबाब सांगतील तसा ती हात हलवत होती, आणि तिच्या हाताच्या इशाऱ्यावर एवढी मोठी वस्तू वळते याचं तिला फार नवल वाटत होतं.

आता वत्सलाकडे शिवोलीकडच्या होड्यांची जनेलं येऊ लागली आहेत. घासायचं काम भिकाजीकडे असतं. दुकानात बसून तो प्रत्येक होडीवाल्याकडून तिची सगळी जन्मकथा काढून घेतो. शिगम्यानंतर शांतारामबाबांनी दोघांना मालवणला चला म्हणून विचारलं. भिकाजीनं तत्काळ होकार दिला. वत्सला म्हणाली, देवघराची दोन दारं तोंडावर आहेत, ती झाली की बघू. ती दारं तिनं, कधी नव्हे ते, ठरल्या दिवसाआधीच गिऱ्हाइकाच्या घरी पोचवली.